भोंगा मोकळ्या जहाजाचा, घंटा जखडलेल्या जहाजाची

दाट धुके उतरले की मोठ्या मालवाहू जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे ज्या उंच काचबंद खोलीतून जहाज हाकले जाते तिथून, स्वतःच्याच जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, दिसेनाशी होते. रडार चालू असते आणि पडद्यावर ठिपके सरकत असतात. पण लाकडी किंवा फायबरची लहान होडी त्या पडद्यावर पुसट उमटते, खवळलेल्या पाण्यात तर लाटांच्या ठिपक्यांतच हरवते, आणि तिच्यावर स्वतःचे रडार असेलच याची काही शाश्वती नसते. अशा वेळी दोघांनाही वापरता येईल असा एकच मार्ग उरतो, तो आवाजाचा. म्हणूनच उपग्रहांच्या काळातही समुद्रावरच्या प्रत्येक नौकेने आवाज करण्याचे काही ना काही साधन बाळगलेच पाहिजे, असा नियम कायम आहे.

हा नियम ज्या संहितेत आहे ते समुद्रातील टकरी टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम २० ऑक्टोबर १९७२ रोजी लंडनमध्ये स्वीकारले गेले आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. नाविकांच्या बोलण्यात त्यांना 'कॉलरेग' म्हणतात. त्यातील नियम ३२ ते ३७ आवाजाच्या आणि प्रकाशाच्या इशाऱ्यांविषयी आहेत, तर भोंगा आणि घंटा नेमकी कशी असावी याचा तांत्रिक तपशील परिशिष्ट तीनमध्ये दिलेला आहे. कोणी काय बाळगायचे हे नियम ३३ सांगतो आणि त्यासाठी तो एकच माप लावतो, ते म्हणजे नौकेची लांबी. १२ मीटर किंवा त्याहून लांब नौकेवर भोंगा हवा. २० मीटरपासून पुढे भोंग्याबरोबर घंटाही हवी. आणि १०० मीटर किंवा त्याहून लांब जहाजावर या दोन्हींखेरीज एक गाँग, म्हणजे मोगरीने वाजवायची धातूची थाळी, हवा, ज्याचा नाद घंटेच्या नादाहून इतका वेगळा असला पाहिजे की ऐकणाऱ्याची गल्लत होणार नाही. १२ मीटरपेक्षा लहान होडीला यातले काहीच सक्तीचे नाही, मात्र तिच्याकडे परिणामकारक आवाज करण्याचे दुसरे कोणतेतरी साधन असलेच पाहिजे.

एवढे वाचून कोणालाही ही सामानाची यादी वाटेल. मलाही पहिल्यांदा तशीच वाटली होती. पण या तीन वस्तूंची कामे वेगवेगळी आहेत हे ध्यानात आले की यादीचा क्रम आपोआप उलगडतो. भोंगा हा मोकळ्या जहाजाचा आवाज आहे, म्हणजे जे पाण्यावर चालते आहे किंवा निदान चालू शकते अशा जहाजाचा. घंटा ही तळाला जखडलेल्या जहाजाची खूण आहे. मग ते नांगर टाकून उभे असो की वाळूत रुतलेले असो. धुक्यात ऐकणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच की, समोर जे काही आहे ते आपल्याकडे येते आहे की एका जागी उभे आहे. भोंगा ऐकू आला की घंटा, एवढ्यावरूनच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते. अपवाद आहेत: नांगरावर राहून जाळ्यांनी मासेमारी करणारी नौका किंवा नांगर टाकून पाण्याखालचे काम करणारे जहाज घंटेऐवजी भोंग्याचाच इशारा देते. परंतु मूळ विभागणी हीच आहे.

आधी भोंग्याकडे पाहू, कारण नियमकर्त्यांनी सर्वांत जास्त विचार त्याच्यावर खर्च केलेला दिसतो. भोंग्याची पट्टी, म्हणजे त्याच्या स्वराची उंची, जहाजाच्या लांबीशी बांधलेली आहे. २०० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाच्या भोंग्याची मूळ कंप्रता (दर सेकंदाची कंपने) ७० ते २०० हर्ट्झ, ७५ ते २०० मीटरच्या जहाजाची १३० ते ३५० हर्ट्झ आणि ७५ मीटरपेक्षा लहान नौकेची २५० ते ७०० हर्ट्झ या मर्यादेत असावी लागते. साध्या शब्दांत सांगायचे तर जहाज जितके मोठे तितका त्याचा आवाज खर्जातला. यामुळे दोन गोष्टी साधतात. खालच्या पट्टीचा आवाज हवेत कमी शोषला जातो, त्यामुळे तो लांबवर टिकतो. आणि ज्या जहाजाला थांबायला सर्वांत जास्त अंतर लागते त्याचाच आवाज सर्वांत दूरवर पोहोचणे हे योग्यच आहे. दुसरे म्हणजे, डोळ्यांना काहीही दिसत नसताना ऐकणाऱ्याला नुसत्या पट्टीवरून समोरच्याच्या आकाराचा अंदाज येतो. धुक्यातून आलेला खर्जातला घुमारा ऐकून लहान होडीवाला काय करायचे ते लगेच ठरवतो.

आवाजाच्या जोरालाही असेच टप्पे आहेत. भोंग्यापासून एक मीटरवर मोजलेली ध्वनिपातळी सर्वांत मोठ्या जहाजासाठी निदान १४३ डेसिबल हवी, मधल्या गटासाठी १३८, आणि २० ते ७५ मीटरच्या नौकांसाठी १३०. २० मीटरपेक्षा लहान नौकेच्या भोंग्याची पट्टी जशी चढते तशी ही अट १२० वरून ११५ आणि पुढे १११ डेसिबलपर्यंत सैल होते. यांच्यासमोर नियमात अंदाजे ऐकू येण्याची अंतरेही दिली आहेत: अनुक्रमे दोन, दीड, एक आणि अर्धा सागरी मैल. सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो.

या आकड्यांमागचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी साधारण सहा डेसिबलने उतरते. या हिशेबाने दोन सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे ३,७०० मीटरवर, १४३ मधून ७१ डेसिबल वजा होतात आणि ७२ च्या आसपास उरतात. ऐकणाऱ्या जहाजाच्या टेहळणीच्या जागी स्वतःच्या इंजिनाचा आणि पंख्यांचा जो सर्वसाधारण गोंगाट नियमात गृहीत धरला आहे, तो साधारण त्याच कंप्रतांच्या पट्ट्यात ६८ डेसिबल आहे. हिशेब ढोबळ असला तरी त्यातून एवढे नक्की कळते की, दोन मैलांवर पोहोचलेला भोंगा गोंगाटावर जेमतेम डोके वर काढतो. नियमातले हे अंतरही वारा नसलेल्या हवेत, भोंग्याच्या नेमके समोर असताना आणि दहापैकी नऊ वेळा ऐकू येईल इतक्याच खात्रीने दिलेले आहे. जोराचा वारा असेल तर ते खूप घटू शकते, हे परिशिष्टातच लिहून ठेवले आहे.

भोंगा शक्य तितक्या उंचावर बसवावा असे नियम सांगतो, आणि त्याला दोन कारणे आहेत. धुराडे, डोलकाठी, रचलेले कंटेनर यांच्या आडोशाने आवाजाचीही सावली पडते. आणि भोंगा माणसांच्या जवळ असेल तर तो आपल्याच खलाशांचे कान बधिर करतो. जहाजावर जिथे उभे राहून टेहळणी केली जाते तिथे स्वतःच्या भोंग्याचा आवाज ११० डेसिबलच्या वर जाता कामा नये, आणि शक्य असेल तिथे १०० च्या आतच राहावा, अशी अट आहे. आडोसा टाळता येत नसेल तर एकाहून अधिक भोंगे बसवून ते एकाच वेळी वाजवण्याची मुभा आहे; मात्र ते एकमेकांपासून १०० मीटरपेक्षा दूर नसावेत आणि त्यांच्या कंप्रतांमध्ये निदान १० हर्ट्झचा फरक असावा, म्हणजे दोन्ही स्वर एकमेकांत अडकून आवाज हेलकावे खाणार नाही. भोंगे १०० मीटरपेक्षा दूर असतील तर ते एकाच वेळी वाजणार नाहीत अशी व्यवस्था करावी लागते. आवाजाला १०० मीटर जायला सुमारे एक तृतीयांश सेकंद लागतो. तेवढ्या फरकाने दोन नाद आले तर ऐकणाऱ्याला एकाच जागी दोन जहाजे असल्याचा भास होऊ शकतो.

आता भोंगा बोलतो काय ते पाहू. मराठी वृत्तांत जसे लघु आणि गुरू, तशी भोंग्याच्या भाषेतही दोनच अक्षरे आहेत. ऱ्हस्व आवाज सुमारे एक सेकंदाचा आणि दीर्घ आवाज चार ते सहा सेकंदांचा. यांच्या जुळणीतून जी वाक्ये बनतात ती दोन गटांत मोडतात आणि हे दोन गट वेगळे ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण गोंधळ बहुधा इथेच होतो.

पहिला गट एकमेकांना डोळ्यांनी दिसणाऱ्या जहाजांसाठी आहे. एक ऱ्हस्व म्हणजे 'मी उजवीकडे वळतो आहे', दोन ऱ्हस्व म्हणजे 'मी डावीकडे वळतो आहे', तीन ऱ्हस्व म्हणजे 'माझे इंजिन उलटे चालू आहे'. तिसऱ्याचा अर्थ 'मी मागे येतो आहे' असा सर्रास केला जातो, पण तो बरोबर नाही. इंजिन उलटे फिरवले तरी जड जहाज बराच वेळ पुढेच सरकत राहते. पाच किंवा अधिक ऱ्हस्व भरभर वाजवले तर अर्थ होतो, 'तुमचा बेत मला कळत नाही' किंवा 'तुम्ही पुरेशी हालचाल करत आहात असे मला वाटत नाही'. भोंग्याच्या साऱ्या शब्दसंग्रहात मला हाच इशारा सर्वांत उपयोगी वाटतो, कारण शंका आली की ती लगेच बोलून दाखवण्याची सोय त्यात आहे. अरुंद खाडीत पुढच्या जहाजाच्या उजव्या बाजूने पुढे जायचे असेल तर दोन दीर्घ आणि एक ऱ्हस्व, डाव्या बाजूने जायचे तर दोन दीर्घ आणि दोन ऱ्हस्व वाजवतात; पुढच्याची संमती असेल तर तो दीर्घ, ऱ्हस्व, दीर्घ, ऱ्हस्व असे उत्तर देतो. मोर्स लिपीत हे 'सी' अक्षर होते आणि आंतरराष्ट्रीय संकेतांत त्याचा अर्थ 'होय' असाच आहे.

दुसरा गट धुके, जोराचा पाऊस, धुळीचे वादळ अशा अंधुक दृश्यतेसाठी आहे. चालत्या यांत्रिक जहाजाने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक दीर्घ आवाज द्यायचा. जहाज मोकळे आहे पण इंजिन थांबवून पाण्यात स्थिर आहे, तर दोन दीर्घ, मध्ये सुमारे दोन सेकंदांची उसंत. शिडाची नौका, मासेमारी नौका, दुसऱ्याला ओढणारी टग, सुकाणू निकामी झालेले जहाज, खोल बुडालेले असल्यामुळे अरुंद मार्गाबाहेर जाऊ न शकणारे जहाज, या सगळ्यांसाठी एकच इशारा आहे: एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व. इतक्या वेगवेगळ्या नौका एकाच इशाऱ्यात कोंबलेल्या पाहून नवखा माणूस चक्रावतो. पण ऐकणाऱ्याने काय करायचे हे सर्वांच्या बाबतीत सारखेच आहे: समोरचा सहज बाजूला होऊ शकणार नाही असे धरून चालायचे. ओढल्या जाणाऱ्या नौकांपैकी शेवटच्या नौकेवर माणसे असतील तर ती एक दीर्घ आणि तीन ऱ्हस्व वाजवते, म्हणजे टग आणि ती यांच्यामधल्या दोरावर कोणी घुसू नये.

जखडलेल्या जहाजाची घंटा याच गटात येते. नांगरावरच्या जहाजाने जास्तीत जास्त एक मिनिटाच्या अंतराने सुमारे पाच सेकंद घंटा भरभर वाजवायची. जहाज १०० मीटर किंवा त्याहून लांब असेल तर घंटा नाळेकडे वाजते आणि ती संपताच पिछाडीला सुमारे पाच सेकंद गाँग वाजतो. गाँगची गरज इथे कळते. लांबलचक जहाजाचे पुढचे टोक घंटेवरून समजले तरी ते मागे कुठवर पसरले आहे याचा धुक्यात पत्ता लागत नाही. घंटा आणि गाँग हे त्याच्या दोन टोकांना उभे केलेले ध्वनीचे खांब आहेत. दोन्हींचा नाद वेगळा असण्याची सक्ती म्हणूनच आहे, कारण सारखा नाद आला तर नांगरावर दोन लहान जहाजे आहेत असे समजून कोणी त्यांच्या मधून वाट काढायला जाईल. जहाज रुतलेले असेल तर घंटेच्या आधी आणि नंतर तीन-तीन सुटे, स्पष्ट ठोके द्यायचे.

घंटेचा जोर एक मीटरवर निदान ११० डेसिबल हवा, म्हणजे मोठ्या जहाजाच्या भोंग्यापेक्षा ती कितीतरी क्षीण असते. त्यामुळे एखादे जहाज चाल करून येताना जाणवले तर नांगरावरच्या जहाजाला भोंग्यावर ऱ्हस्व, दीर्घ, ऱ्हस्व असा जादा इशारा देण्याची परवानगी आहे. घंटा न गंजणाऱ्या धातूची असावी, तिच्या तोंडाचा व्यास निदान ३०० मिलिमीटर असावा आणि लोलकाचे वजन घंटेच्या वजनाच्या ३ टक्क्यांहून कमी नसावे. पूर्वी १२ ते २० मीटरच्या नौकांनाही २०० मिलिमीटर तोंडाची घंटा ठेवावी लागे. २९ नोव्हेंबर २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती सक्ती उठवली. घंटा किंवा गाँगऐवजी तसाच नाद काढणारे विजेवरचे उपकरण चालते, फक्त वीज गेली तरी हाताने इशारा देता आला पाहिजे.

कागदावर पूर्ण दिसणारी ही सामग्री प्रत्यक्षात कशी असते ते जवळ जाऊन पाहिल्यावर कळते. नाळेवरची पितळी घंटा ऊठसूट खाऱ्या वाऱ्यात असते. तिच्यावर रंगाचे दोन-चार थर चढवले की ती दुरून नीटनेटकी दिसते, पण वाजवताच 'ठण्ण' ऐवजी 'ठक' असा बसका आवाज येतो, कारण रंगाने धातूचा कंप दाबला जातो. लोलकाची कडी गंजून आखडलेली असते आणि त्याला बांधलेली दोरी हातात घेताच कुजकी निघते. वाऱ्यात घंटा उगाच वाजू नये म्हणून कोणीतरी लोलक कापडाने बांधून ठेवलेला असतो आणि धुके आले की अंधारात ती गाठ सुटत नाही. गाँग तर बहुतेक वेळा पिछाडीच्या कुठल्यातरी कपाटात पडून असतो आणि त्याची मोगरी भलत्याच कपाटात. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या भोंग्याच्या नळीत पाणी साचले की पहिला आवाज गुळण्या केल्यासारखा निघतो. ते पाणी वेळोवेळी काढून टाकणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

लहान होडीवाल्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्याकडे सहसा वायूच्या डब्यावर बसवलेला हातातला भोंगा किंवा नुसती तोंडाने वाजवायची शिट्टी असते आणि नियमाला ते चालते, कारण तिथे फक्त 'परिणामकारक आवाज' एवढीच अपेक्षा आहे. तरीही हिशेब करून पाहावा. अर्धा सागरी मैल ऐकू येणारा भोंगा दर दोन मिनिटांनी वाजतो आहे आणि समोरून १२ नॉट, म्हणजे ताशी १२ सागरी मैल, वेगाने जहाज येते आहे. ते जहाज अर्धा मैल अडीच मिनिटांत कापते. म्हणजे ऐकू येण्याच्या टप्प्यात शिरल्यापासून होडीपाशी पोहोचेपर्यंत त्याच्या कानांवर एक किंवा फार तर दोन इशारे पडतील. नियमातली दोन मिनिटे ही कमाल मर्यादा आहे. त्याहून लवकर वाजवायला कोणाचीही आडकाठी नाही. डब्यातला वायू संपतो आणि थंडीत त्याचा दाबही उतरतो, म्हणून जोडीला फुंकून वाजवायचा साधा भोंगा ठेवणे शहाणपणाचे.

आवाज करणाऱ्याइतकाच ऐकणाराही महत्त्वाचा आहे. नियम ५ प्रमाणे टेहळणी डोळ्यांनी आणि कानांनी, दोन्हींनी करायची असते. पण आजच्या कितीतरी जहाजांचा ब्रिज पूर्ण बंदिस्त आणि वातानुकूलित असतो. अशा जहाजांसाठी सागरी सुरक्षेच्या सोलास करारात बाहेरचा आवाज आत पोहोचवणाऱ्या यंत्रणेची तरतूद आहे: बाहेर बसवलेले मायक्रोफोन भोंग्याचा आवाज टिपतात, तो आत ऐकवतात आणि साधारण कोणत्या दिशेने आला ते दाखवतात. ती नसेल किंवा तिच्यावर भरवसा नसेल तर जुना उपाय आहेच, दार उघडून ब्रिजच्या बाजूच्या उघड्या सज्जावर, म्हणजे पंखावर, कान देऊन उभे राहायचे.

दिशा ओळखणे हीच आवाजाची लंगडी बाजू आहे. धुके आवाज गिळते असा समज पूर्वी होता. जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर साउथ फोरलंड येथे धुक्याच्या इशाऱ्यांवर प्रयोग केले, तेव्हा उलटेच आढळले: काही लख्ख दिवशी आवाज थोड्याच अंतरावर विरून जाई आणि दाट धुक्यात तो दूरवर पोहोचे. वाऱ्याने आणि हवेच्या कमी-अधिक तापलेल्या थरांनी आवाज वाकतो, वर उचलला जातो आणि मध्ये काहीच ऐकू न येणारे पट्टे तयार होतात. त्यामुळे भोंगा मंद ऐकू आला म्हणजे जहाज दूर आहे, असे धरता येत नाही.

२९ मे १९१४ च्या पहाटे कॅनडाच्या सेंट लॉरेन्स नदीत 'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' हे प्रवासी जहाज आणि 'स्टोरस्टाड' हे कोळसावाहू जहाज यांनी धुके येण्यापूर्वी एकमेकांचे दिवे पाहिले होते. धुके मध्ये आल्यावर एम्प्रेसच्या कप्तानाने इंजिने उलटी फिरवून तीन ऱ्हस्व आवाज दिले, आणि पुढे जहाज थांबल्याचे दोन दीर्घ आवाजही दिले. दुसरीकडूनही भोंग्याची उत्तरे येत होती. तरीही समोरचा कोणत्या बाजूने जाणार याविषयी दोघांचे अंदाज वेगळे राहिले. स्टोरस्टाडची नाळ एम्प्रेसच्या कुशीत घुसली, जहाज सुमारे १४ मिनिटांत बुडाले आणि हजाराहून अधिक माणसे गेली. वळण्याचे आणि इंजिन उलटे असल्याचे इशारे आजच्या नियमांत फक्त एकमेकांना दिसणाऱ्या जहाजांसाठी राखून ठेवलेले आहेत.

धुक्यात समोरच्या बाजूने भोंगा ऐकू आला तर काय करायचे, हे नियम १९ सांगतो. टकरीचा धोका नाही अशी खात्री झालेली नसेल तर वेग इतका उतरवायचा की जहाज फक्त सुकाणूला जुमानेल; गरज पडली तर पूर्ण थांबायचे, आणि धोका टळेपर्यंत अतिशय सावधपणे पुढे जायचे. थांबल्यावर भोंग्याचा इशारा बदलतो, एकाऐवजी दोन दीर्घ.